वायरचं दुसरं टोक

१

केबलवाला "सकाळी येतो" म्हणाला की आमच्या सुकापुरातली माणसं खुशाल घराला कुलूप लावून बाहेर पडतात. तो त्या दिवशी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला हे मान्य नव्हतं. मी आयुष्यभर एका मराठी दैनिकात बातमीदारी केली. पनवेल-उरण पट्ट्यातले बिल्डर, जमिनीचे दलाल आणि निवडून आलेले महाभाग यांना त्यांच्याच ओट्यावर उभं राहून प्रश्न विचारले. निवृत्त झालो म्हणून केबल ऑफिसातल्या भगवान शेठनं मला "आज येतीलच, चाचा" या एका वाक्यावर महिनाभर झुलवावं? शेवटी मी त्याच्या ऑफिसात खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "माणूस निघाल्याशिवाय अब्दुल्ला इथून उठत नाही. चहा सांगा."

चहा आला आणि माणूसही निघाला.

घाई मला इंटरनेटची नव्हती, फहादची होती. आमचा एकुलता एक मुलगा आखातात नोकरीला. त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, तिकडची बांधकामं धडाधड बंद पडली. त्याच्या कंपनीचे मालक पसार झाले, पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत अडकले आणि माणसं कामगारांच्या कॅम्पात. त्याचा शेवटचा फोन जेमतेम मिनिटभराचा होता. "अब्बा, मोबाइल विकतोय. कॅम्पच्या बाहेर सायबर कॅफे आहे. घरी नेट घ्या, कॅमेरा लावा. मी जमेल तेव्हा येऊन बघीन." त्यानंतर काही नाही. ज्या एजंटानं त्याला पाठवलं त्याची कॉलर मी धरून आलो. दिल्लीला पत्रांवर पत्रं पाठवली. सफूरा, माझी बायको, यावर एक शब्द बोलत नसे. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की ओढणी न काढता फोनजवळ जाऊन बसायची, एवढंच.

२

आलेल्या माणसाचं नाव कल्पेश. तिशीचा, तोंडात मावा, खांद्यावर काळ्या वायरचं भलं मोठं बंडल. त्याचा जोडीदार जीवन टेरेसवर गेलाय, असं त्यानं सांगितलं.

आमच्या टीव्हीची वायर खिडकीतून आत आली होती. कल्पेशनं मात्र हॉलच्या भिंतीतली पत्र्याची छोटी पेटी उघडली. बिल्डरनं ती प्रत्येक फ्लॅटमध्ये बसवली होती. तिच्यातून पाइप वर टेरेसला जातो म्हणे. आत एका जुन्या वायरचं टोक वाकून पडलं होतं. आम्ही ते कधी बघितलंही नव्हतं.

"हे झ्याक झालं," कल्पेश म्हणाला. "जुनी वायर हाय. हिला नवी बांधायची, पट्टी मारायची, वरनं जुनी खेचली का नवी आपोआप वर. लोक उगाच भिंती फोडतात."

"ही जुनी वायर जाते कुठे, ते बघितलंस?"

"पाइप वर जातो चाचा, म्हंजे वायर पन वरच जानार. खाली जाईल का? तुमी पेपरवाले लय संशयी."

"संशयी होतो म्हणून पगार मिळत होता."

"आमाला नाय मिळत, म्हनून आमी नाय संशय घेत," तो हसून म्हणाला. त्यानं दोन टोकं एकमेकांना पिळली, काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "जीवन, खेच रे!"

वायर आत जाऊ लागली. आधी हळू, चाचपल्यासारखी. मग बंडल फरशीवर गरगर फिरायला लागलं आणि पाइपात वायर घासल्याचा सर्र आवाज सुरू झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर एकच मजला आणि मग टेरेस. निम्मं बंडल संपलं तरी वायर जातच होती.

"बास रे! बास!" कल्पेश ओरडला. सर्र थांबेना. त्यानं वायर दोन्ही हातांनी धरली, भिंतीला पाय लावला. त्याच्या तळव्यांतून ती सुटत होती. मग एकाएकी ओढ थांबली आणि तो मागे आपटला.

"आज गडी जोरात हाय," उठत तो म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून जीवन आत आला. हातात वडापावची पुडी. "टेरेसला कुलूप हाय रे. चावी सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी गावाला. मी खालीच थांबलेलो."

कल्पेश हसला. मग त्यानं भिंतीतल्या पेटीकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला. तोंडातला मावा त्यानं गिळलाच असावा, कारण थुंकायला तो खिडकीकडे गेला नाही. त्यानं वायर कापली, घाईघाईनं टोकाला पिन चढवली, मॉडेम टेबलावर ठेवून जोडून दिलं, जास्तीच्या वायरचं वेटोळं सोफ्यामागे टाकलं. "उद्या चावी घेऊन येतो, चाचा. वरचं टोक गावलं का बॉक्सला जोडतो. तवर नेट नाय येनार." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

३

ते गेले आणि मी कामचुकारपणावर एक लेखच मनात लिहायला घेतला. सफूरा टेबलापाशी उभी होती.

"हा दिवा लुकलुकायचा थांबला," ती म्हणाली. "बिघडलं का?"

कल्पेशनं सांगितलं होतं की केबलचा दिवा लुकलुकतो म्हणजे मॉडेम सिग्नल शोधतंय. स्थिर झाला म्हणजे मिळाला. दिवा स्थिर होता, हिरवागार. फहादसाठी कॅमेऱ्यासकट आणून ठेवलेला कॉम्प्युटर मी लावून बघितला. पानं भराभर उघडली. आमच्या पेपरच्या ऑफिसातल्या नेटपेक्षा वेगानं.

वरचं टोक कशालाही जोडलेलं नव्हतं. पण मी तंत्रज्ञ नाही. जुनी वायर आधीच कुठल्यातरी बॉक्सला जोडलेली असेल, मध्येच नवी तिच्यात मिसळली असेल, हवेतून येत असेल. माणसाला जे हवं असतं ते मिळालं की तो कारणं फार खोलात जाऊन तपासत नाही. इतरांच्या बाबतीत हे मी अनेकदा छापलंय.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मेसेंजरवर फहादचं नाव उजळलं.

४

तो जरा अंधाऱ्या खोलीत बसला होता. मागे कोरी भिंत. चेहरा नीट दिसत होता. तोच फहाद, गुळगुळीत दाढी केलेला, कपाळावर केस आलेले.

सफूरानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "बेटा, जेवलास का?"

"जेवलो, अम्मी. तू?"

एवढ्याशा प्रश्नावर ती ढसाढसा रडली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. घरात कुणीतरी न रडणारा असावा लागतो.

मग तो रोज यायला लागला. सफूरा त्याला बांगडे भरून तळले, कोलंबीचं तिखलं केलं, शेजारच्या यूम्नाचं लग्न ठरलं, असलं काहीबाही सांगायची. तो हसायचा. "अम्मी, जरा पुढे सरक ना. नीट दिसत नाहीस." ती खुर्ची पुढे घ्यायची. मग मॉडेम भिंतीकडे सरकलेलं दिसायचं, म्हणून टेबलही तिकडे ढकलायची.

सोफ्यामागचं वेटोळं लहान झालं होतं, हे माझ्या लक्षात झाडू मारताना आलं. मी सफूराला विचारलं, वायर तू ओढलीस का? ती म्हणाली, मला काय तेवढाच उद्योग आहे? दोन दिवसांनी वेटोळं उरलंच नाही. वायर पेटीपासून टेबलापर्यंत ताठ झाली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी.

त्याच संध्याकाळी पाववाला आला. सायकलवर पेटी, हातात रबरी भोंगा. पों, पों. तो भोंगा मला आधी स्पीकरमधून ऐकू आला. फहादच्या बाजूनं. मग क्षणभरानं खालच्या रस्त्यावरून.

आमचाच आवाज तिकडे जाऊन परत येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मी आमच्या बाजूचा माइक बंद केला. थोड्या वेळानं इमारतीचा पाण्याचा पंप लागला. पुन्हा तेच. आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे.

प्रतिध्वनी मागून येतो. आधी येत नाही. शाळेत नापास झालेल्यालाही हे कळतं.

५

मी प्रश्न विचारायचे ठरवले. आयुष्यभर तेच केलंय. सफूरा चहा टाकायला उठली आणि मी खुर्चीत बसलो.

"फहाद, कॅम्पात तुझ्याबरोबर किती माणसं आहेत?"

"आहेत बरीच, अब्बा."

"सुपरवायझरचं नाव?"

"तुम्हाला माहितीय ना."

"नाही. मला माहीत नाही, म्हणून विचारतोय."

तो हसला. "अब्बा, तुम्ही एजंटाची कॉलर धरलीत."

हे मी सफूराला सांगितलं होतं. याच हॉलमध्ये.

"आज काय खाल्लंस?"

"कोलंबीचं तिखलं."

बातमीदाराला माणूस खरं बोलतोय की खोटं, याच्याही आधी एक गोष्ट कळते: तो नवीन काही सांगतोय का. माझा मुलगा इतके दिवस परक्या मुलखात, बिनपगारी, उन्हात, डझनभर अनोळखी माणसांत राहत होता. आणि रोज तासभर बोलून त्यानं मला एक गोष्ट नवी सांगितली नव्हती. जे काही तो बोलला ते सगळं आम्ही या चार भिंतींत आधी बोललेलो होतो.

आणि मग मला त्याचे खांदे दिसले. आधीही दिसत असणार, मी बघितले नव्हते. ते हलत होते. उजवा, डावा, उजवा, डावा, संथ, एका लयीत. हात पडद्याच्या खाली होते, दिसत नव्हते. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या माणसाचे खांदे तसे हलतात.

टेबलावर मॉडेम करकरलं आणि बोटभर भिंतीकडे सरकलं.

"तू हातानं काय करतोयस?" मी विचारलं.

"काही नाही, अब्बा. तुम्ही जरा पुढे सरका."

मी मॉडेमच्या बटणाकडे हात नेला. तो मागून सफूरानं धरला. कशी आली कळलं नाही. चहाचा कप तिच्या दुसऱ्या हातात होता.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात या सुरात ती माझ्याशी बोलली नव्हती. "तुमच्या पत्रांनी काय आणलं आजवर? कॉलर धरून काय आणलंत? या डबीनं माझा मुलगा आणला. शंका घ्यायची तर रस्त्यावर जाऊन घ्या."

"सफूरा, तो फहाद नसेल तर?"

"मग खरा आणून दाखवा. तोवर हाच माझा."

 खरा फहाद कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे सांगणारा दुसरा कुणी मला गाठता आला नव्हता. हे बटण बंद केलं आणि उद्या कळलं की तो खराच होता, तर? नेटच्या कसल्याशा गडबडीनं चित्र हलत होतं, आवाज पुढेमागे होत होता, एवढंच होतं, तर?

६

भगवान शेठ शुक्रवारी, जुम्याच्या दिवशी, दुपारी ऑफिसात एकटाच जेवत होता. मला बघून त्यानं डबा झाकला.

"चाचा, येनार माणूस. कल्पेश सुट्टीवर हाय."

"मला माणूस नको. माझं कनेक्शन कुठून येतं ते दाखव."

"कुठलं कनेक्शन? तुमचं चालूच नाय केलेलं आमी." त्यानं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "आमच्याकडनं मॉडेमचा नंबर टाकल्याबिगर नेट सुरूच होत नाय. तुमचा टाकलाच नाय. कल्पेश म्हनाला, वायर वर आलीच नाय."

"मग पाइपात गेली कुठे?"

"बाकीच्या फ्लॅटांत बघितलं त्यानं. कुठंच नाय निघाली."

"ती जुनी वायर कुणाची होती?"

"आमची नाय. दुसऱ्या केबलवाल्याची पन नाय, त्यालाबी विचारलं. आमचा माल पांढऱ्या पट्टीचा असतो." त्यानं डब्यावरचं झाकण उगाच फिरवलं. "चाचा, तुमी वाटलं तर पैसे परत घ्या."

माणसं माझ्यावर ओरडतात तेव्हा मी खुलतो. कुणी घाबरून नमतं घेतलं की मला भीती वाटते. "महिनाभर मी इथे बोंबलत होतो तेव्हा शब्द फुटत नव्हता तुझ्या तोंडून," मी टेबलावर हात आपटला, "आणि आता पैसे परत? माझ्या बायकोशी रोज कोण बोलतंय तिकडून?"

भगवान शेठनं माझ्याकडे बघितलं. "बंद करा ना," तो हळूच म्हणाला. "घरी जा आनि बंद करा."

७

जिन्यातच मला आवाज आला. किण्. थोडं थांबून पुन्हा किण्. काचेची बांगडी पत्र्यावर आपटावी तसा.

मी किल्ली फिरवत असतानाच खिशातला मोबाइल वाजला. लांबलचक परदेशी नंबर.

"अब्बा?" आवाज खरखरत होता, मागे गाड्यांचा गोंगाट, कुणीतरी बंगालीत ओरडत होतं. "अब्बा, मी फहाद. ऐका, वेळ नाही. हा एका बांगलादेशी माणसाचा फोन आहे. पासपोर्ट मिळाले आमचे. परवाच्या विमानात बसवतायत."

मी किल्ली पूर्ण फिरवली.

"तू नेटवर..." मी म्हणालो.

"कसलं नेट? कॅफे कधीचा बंद झाला. अब्बा, अम्मीला आधी सांगून ठेवा. मला कांजण्या आल्या होत्या. तोंडभर व्रण आहेत, एक भुवई अर्धी गेलीय. एकदम बघून घाबरेल ती."

हे या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. ही बातमी होती. माझ्या पोरानं मला बातमी दिली होती.

मी दार लोटलं. टेबल भिंतीला टेकलं होतं, मॉडेम पेटीच्या तोंडाला. सफूरा टेबलाच्या बाजूच्या सांदीत जेमतेम मावेल अशी बसली होती, गाल जवळजवळ भिंतीला. वायर सरकू नये म्हणून तिनं ती मनगटाला गुंडाळून धरली होती. तिचा हात मनगटापर्यंत पेटीत होता. किण्. पडद्यावर फहाद हसत होता, चेहरा स्वच्छ, गुळगुळीत, दोन्ही भुवया जागच्या जागी. त्याचे खांदे हलत होते.

"सफूरा, फोन घे! फहाद आहे फोनवर! खरा फहाद!"

ती वळली नाही. "फहाद इथे आहे," ती म्हणाली. "ओढतोय बघा मला. किती ताकद आलीय पोराला."

फोन खांद्यानं कानाशी दाबून मी स्वयंपाकघरात धावलो. मासे कापायची कात्री हाताला लागली. फहाद विचारत होता, "अब्बा? काय झालं? अम्मी बरी आहे ना?" मी सफूराचा दंड धरून मागे खेचला. हात सुटेना. वायर तिच्या कातडीत रुतली होती, बोटं काळीनिळी पडली होती. मी कात्री तिच्या मनगटालगत पेटीत सरकवली. भिंत वीतभरही जाड नाही. तरी माझा हात आत गेला, आणखी आत गेला, वायर सापडेपर्यंत.

तिथे तिची बोटं होती. त्यांच्या पलीकडे आणखी बोटं होती. उबदार. ती माझ्या बोटांवरून फिरली, आंधळा माणूस ओळख पटवतो तशी.

मी कात्री दाबली.

सफूरा माझ्या अंगावर कोसळली. बांगडीचे तुकडे फरशीवर उडाले. आणि माझ्या कानातला गाड्यांचा गोंगाट त्याच क्षणी थांबला. "अब्बा, विमानतळावर तुम्ही..." इथवर फहाद आला होता. पुढे काही नाही. फोन तुटल्याचा आवाजही नाही.

त्या बांगलादेशी माणसाचे पैसे संपले असतील, मी स्वतःला म्हणालो. मी तोच नंबर उलट लावला. एक बाई इंग्रजीत सांगत होती की असा नंबर अस्तित्वात नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

मग मी वर बघितलं. कापलेली वायर मॉडेमच्या मागून लोंबत होती, टोकाशी तांबं चमकत होतं. मॉडेमचा दिवा हिरवा होता. स्थिर.

पडद्यावर फहाद बसलेला होता. त्याचे खांदे पहिल्यांदाच शांत झाले होते. दमलेला माणूस काम उरकल्यावर बसतो तसा तो जरा मागे टेकला आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत त्यानं विचारलं, "अम्मी, फोनवर कोण होतं?"

सफूरा उठली. रक्ताळलेलं मनगट तिनं ओढणीत गुंडाळलं. खुर्ची सरळ केली. बसली.

"कुणी नाही, बेटा," ती म्हणाली. "राँग नंबर."